एक चूल आणि मातृभाषेचा रकाना

सीमाप्रश्नावर आम्ही आजवर जे काही लिहिले, ते बहुतांशी आयोग, न्यायालय आणि विधिमंडळ यांच्याभोवतीच फिरत राहिले. १ नोव्हेंबर १९५६, महाजन आयोगाचा अहवाल, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा, भाषिक अल्पसंख्याकांसाठी राज्यघटनेत असलेले अनुच्छेद, हे आमचे नेहमीचे विषय. वकिलाच्या हातून दुसरे काय लिहून होणार? आज मात्र आम्ही आमच्या स्वयंपाकघराविषयी लिहिणार आहोत, आणि तेही वकील म्हणूनच. कारण गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरात एक खटला उभा आहे. त्यात वादीही आम्ही आणि प्रतिवादीही आम्हीच. निकाल देण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्या घरच्या बायकांना आम्ही आजवर साक्षीला सुद्धा बोलावले नव्हते.

आमचे घर बेळगावात शहापूर भागात, जुन्या बांधणीचे. माणसे सतरा. आई, विधवा आत्या, थोरले बंधू व वहिनी, आम्ही उभयता, धाकटे बंधू व त्यांची पत्नी, दोन पुतणे आणि त्यांच्या बायका, एक साडेपाच वर्षांचा नातू, एक साडेतीन वर्षांची नात, आमची अभियांत्रिकीला असलेली कन्या आणि धाकट्या बंधूंचे शाळकरी दोन मुलगे. पहाटे साडेपाचला पहिला चहा आणि रात्री साडेदहाला शेवटचे पातेले घासून पालथे; मधल्या वेळात शेगडी थंड होते ती फक्त दुपारी दोन ते चार. आठ वाजता शाळेचे डबे, साडेनऊला आमचा कोर्टाचा डबा, दहाला दुकानाचा. रोज पस्तीस-चाळीस भाकऱ्या थापल्या जातात. खानापूरकडच्या शेतातून वर्षाचा तांदूळ येतो आणि त्यातला दीड किलोच्या आसपास रोज शिजतो. सतरा माणसांचा भात कुकरात मावत नाही. तो आजही मोठ्या पातेल्यात, आधण ठेवूनच करावा लागतो. आई अजून मापट्याने तांदूळ मोजते, सून वाटीने, आणि आश्चर्य म्हणजे दोघींचा भात सारखाच होतो.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आठ दिवस आई न्हाणीघरात घसरली आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. ब्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात तिचा हात इतके दिवस स्वयंपाकापासून दूर राहिल्याचे आम्हाला तरी आठवत नाही. सणाचे दिवस, घरात पाहुण्यांचा राबता, आणि मुख्य हात बंद. तेव्हा तिच्यासाठी स्वयंपाकघराच्या दारात एक खुर्ची मांडली आणि तिथून तिने कारभार सुरू केला. तोपर्यंत ती हाताने बोलत होती. आता तिला तोंडाने बोलावे लागले. आणि घरात मराठी किती उरली आहे, याचा उलगडा आम्हाला त्या खुर्चीमुळे झाला.

पहिल्याच सकाळी आमची कन्या पातेल्यापाशी उभी होती. पाण्याला उकळी फुटली. आई म्हणाली, "आधण आलंय गं, वैर आता."

कन्येने मागे वळून पाहिले. "आधणाशी कशाला वैर करू, आज्जी?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. तेवढ्यात धाकट्या पुतण्याच्या पत्नीने धुतलेल्या तांदळाची रोळी उचलली, उकळत्या पाण्यात तांदूळ सोडले, तळातून एकदा हलवले आणि म्हणाली, "वैरायचं म्हणजे आत सोडायचं, ताई." ही सून गोकाकची. तिचे माहेर कन्नड. सहा वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा तिला "जेवलात का?" एवढेच मराठी येत होते. जन्माने मराठी असलेल्या, मराठीच्या चळवळीत हयात घालवणाऱ्या वकिलाच्या मुलीला 'वैरणे' ठाऊक नव्हते आणि ते तिला एका कन्नड माहेरवाशिणीने समजावून दिले. हसू ओसरल्यावर ही गोष्ट आमच्या घशाशी अडकली ती अजून उतरलेली नाही.

पुढच्या सहा आठवड्यांत आम्ही एक वही केली. खुर्चीतून आलेली आज्ञा, ती कोणाला समजली आणि कोणाला नाही, हे रोज रात्री टिपून ठेवू लागलो. साक्ष नोंदवण्याची सवयच ती. लसूण चेचून घाल, वाटू नको. कोथिंबीर चिरू नको, खुडून टाक. शेंगदाण्याचे कूट भरड ठेव. डाळ नुसती निवडू नको, आधी पाखड. भाकरीचे पीठ मळून झाले तरी हाताने आणखी रगड. कणीक तिंबून झाकून ठेव. भाजी परत, भाजू नको. दूध आटव, पण उतू जाऊ देऊ नको. भाताची वाफ जिरू दे. लोणचे अजून मुरले नाही.

या क्रियापदांकडे वाचकांनी जरा वकिलाच्या नजरेने पाहावे. चिरणे, कापणे, खुडणे, सोलणे, किसणे, खवणे हे सहा शब्द हत्यार, हात आणि परिणाम या तिन्ही बाबतींत वेगळे आहेत. खोबरे खवायचे ते खवणीवर आणि सुके असेल तर किसायचे ते किसणीवर. कुटणे, कांडणे, सडणे, भरडणे, दळणे, वाटणे, खलणे, चेचणे, ठेचणे यांपैकी प्रत्येकात धान्याचे किंवा मसाल्याचे काय होते हे ठरलेले आहे. कांडल्याने साळीचे टरफल सुटते, सडल्याने तांदळावरचा कोंडा जातो, भरडल्याने दाण्याचे तुकडे होतात, दळल्याने पीठ होते. कायद्यात दुखापत, जबर दुखापत आणि सदोष मनुष्यवध यांत जो काटेकोर भेद असतो, त्याच जातीचा हा भेद आहे. एक शब्द चुकला तर कलम चुकते; येथे एक शब्द चुकला तर चटणी बिघडते. 'वैरणे' हे क्रियापद तर जात्याच्या तोंडात घातल्या जाणाऱ्या मुठीलाही आहे आणि आधणात सोडल्या जाणाऱ्या तांदळालाही. ज्या कोणी पहिल्यांदा या दोन क्रियांतले साम्य पाहिले, त्यांचे नाव कोठल्याही वाङ्मयेतिहासात नाही.

येथे एक आक्षेप आधीच निकाली काढला पाहिजे. शब्द गेले म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी आम्ही नाही. जाते गेले, उखळ-मुसळ गेले, पाटा-वरवंटा कोपऱ्यात गेला, त्यांच्याबरोबर कांडणे आणि सडणे गेले. त्याचे दुःख आमच्या आईला मुळीच नाही. पहाटे चारला उठून दळलेले दिवस तिला आठवतात, त्या वेळच्या ओव्यांचे पुरुषांनी केलेले कौतुक ऐकले की ती म्हणते, "एकदा दळून बघा, मग गावा." हत्यार गेल्यामुळे शब्द जाणे हा काळाचा न्याय आहे आणि त्याच्यावर अपील करण्यात अर्थ नाही. परंतु आमच्या वहीत दुसरा एक वर्ग निघाला. चिरणे, निवडणे, परतणे, तळणे, उकडणे ही कामे आमच्या घरात आज सकाळीही झाली. हत्यार शाबूत, हात शाबूत, पदार्थ शाबूत, आणि शब्द तेवढा गेला. भाजी 'कट' केली जाते, मेथी 'क्लीन' केली जाते, बटाटे 'बॉइल' होतात, मसाला 'मिक्स' होतो आणि जेवण 'रेडी' होते. नऊ प्रकारच्या दळण-कांडणाला मिळून एक 'ग्राइंड' पुरतो. ही हानी काळाने केलेली नाही. ती आमच्या डोळ्यांदेखत, आमच्याच ताटाभोवती झाली आहे.

दोष कोणाला द्यायचा? मोर्चातला सोपा मार्ग म्हणजे सरकारला देणे. मराठी शाळांची उपेक्षा, मराठीतून कागदपत्रे नाकारणे, फलकांची सक्ती, यांबाबतचा सरकारचा दोष आम्ही वर्षानुवर्षे मांडत आलो आहोत आणि पुढेही मांडू. पण आमच्या स्वयंपाकघरात कोठलेही सरकार कधी आले नाही. कोणाही अधिकाऱ्याने कोथिंबीर खुडू नका, 'कट' करा, असा आदेश काढलेला नाही.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे सुनांना दोष देणे. तोही आम्ही बंद करू इच्छितो. थोरल्या पुतण्याची पत्नी कोल्हापूरची, मराठी माध्यमातून शिकलेली, मराठीची पदवीधर. ती आपल्या साडेपाच वर्षांच्या मुलाशी इंग्रजीत बोलते. "कम", "सिट", "फिनिश युवर राइस." हे हौसेने चालले आहे, असा आमचा इतकी वर्षे समज होता, आणि आम्ही तिला एक-दोनदा टोचूनही बोललो होतो. वहीच्या निमित्ताने तिला पहिल्यांदा नीट विचारले. मुलाला शाळेत घातले त्या वर्षी पालकसभेत तिला सांगितले होते की, घरी मराठी बोलता म्हणून मूल मागे पडते. घरात इंग्रजीच बोला. ती म्हणाली, "काका, तुम्ही कोर्टात मराठीसाठी भांडता. पण शाळेत त्या दिवशी माझ्याबरोबर कोणी नव्हतं." तिचे म्हणणे खरे होते. सतरा माणसांच्या घरातून त्या सभेला ती एकटीच गेली होती. आम्ही त्या संध्याकाळी भाषेच्याच प्रश्नावरील एका बैठकीत होतो.

मुद्दा आता स्पष्ट व्हावा. आमच्या पिढीच्या पुरुषांनी भाषेची दोन खाती पाडली. न्यायालय, मोर्चा, संमेलन आणि निवेदन हे आमचे खाते. मूल, ताट, डबा आणि शाळेची सभा हे बायकांचे. पहिल्या खात्याचा इतिहास लिहिला गेला, दुसऱ्याचा हिशोबही कोणी ठेवला नाही. आणि भाषा मात्र मुख्यतः दुसऱ्याच खात्यावर जगत आली. आम्हाला स्वतःला 'रोळी' आणि 'सूप' यांतला फरक त्रेपन्नाव्या वर्षी कळला, हे लिहिताना संकोच वाटतो. पण कबुलीजबाब अर्धवट देता येत नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण कायद्याने ही दोन खाती कधीच वेगळी मानलेली नाहीत. भारताची जनगणना 'कुटुंब' कशाला म्हणते? सामान्यतः एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरात शिजलेले जेवणाऱ्या माणसांच्या गटाला. आणि 'मातृभाषा' कशाला म्हणते? व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलली तिला. आई बालपणीच वारली असेल तर त्या घरात प्रामुख्याने बोलली जाणारी भाषा. आडनावाची भाषा नव्हे, बापाच्या गावाची नव्हे, समितीच्या सभासदत्वाचीही नव्हे. एक व्याख्या चुलीवर उभी आहे, दुसरी आईच्या तोंडावर.

या आकड्यांवर काय अवलंबून असते, ते सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशभर मान्य झालेल्या संरक्षक तरतुदींनुसार, एखाद्या भागात ज्यांचे प्रमाण १५ टक्के वा अधिक आहे अशा भाषिकांच्या भाषेत महत्त्वाच्या सूचना व नियम प्रसिद्ध व्हावेत, अशी अपेक्षा आहे. प्राथमिक शाळेत एका भाषेची ४० मुले, किंवा एका वर्गात १० मुले असतील, तर त्या भाषेतून शिकवण्याची सोय व्हावी, हे सूत्र १९४९ पासूनचे आहे. अनुच्छेद ३५०-अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाविषयी बोलतो. या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच: माणसे किती? आणि माणसे किती याचे उत्तर जनगणनेच्या त्या रकान्यात असते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे देशात सुमारे ८ कोटी ३० लाख होते. त्याच जनगणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे सुमारे २ लाख ६० हजार निघाले. त्यांपैकी सर्वाधिक, लाखाहून अधिक, महाराष्ट्रातले होते. यावरून कोणी काय तो बोध घ्यावा.

२०२७ ची जनगणना जाहीर झाली तेव्हा एका रात्री जेवताना आमच्या घरी हा विषय निघाला. जेवायला भाकरी, भरली वांगी, कारळ्याची चटणी, आमटी-भात असा साधाच बेत होता. थोरला पुतण्या म्हणाला, "गणकाला एकदम सांगून टाकायचं, सतराच्या सतरा मराठी." बहुतेक सीमाभागातल्या घरांत असेच होते. कर्ता पुरुष दारात उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने एक भाषा सांगतो. पूर्वी आम्हीही तसेच केले होते.

गोकाकची सून वाढत होती. वाढता वाढता तिने विचारले, "माझीपण?"

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग धाकटा पुतण्या, तिचा नवरा, म्हणाला की तिची अर्थातच कन्नड लिहायची. प्रश्न संपला असे वाटले, तोच तिने दुसरा विचारला, "आणि हिची?" साडेतीन वर्षांची नात तेव्हा आईच्या पदराला धरून उभी होती. सून मुलीला झोपवते ते कन्नडमध्ये, रागावते ते कन्नडमध्ये, आणि भरवते ते बहुधा मराठीत, कारण भरवताना आजूबाजूला आम्ही सगळे असतो. थोरल्या बंधूंनी घास खाली ठेवला. "आपल्या घरातल्या पोरीची कन्नड लिहायची? या घरातल्या?" या घरातून १९८६ च्या आंदोलनात कोणी किती दिवस कोठडीत काढले, हे त्यांना बोलून दाखवावे लागले नाही, ते सर्वांना पाठ आहे.

सगळे आमच्याकडे पाहू लागले. आम्ही वकील, आणि चळवळीतले. आम्ही जे सांगितले तेच येथे जबाबदारीने लिहितो, कारण ते आमच्या सहकाऱ्यांपैकी अनेकांना रुचणार नाही.

नातीची आई तिच्याशी मुख्यतः कन्नडमध्ये बोलत असेल, तर नातीची मातृभाषा कन्नड लिहावी. जनगणनेच्या कायद्यानुसार विचारलेल्या प्रश्नाचे आपल्या माहितीप्रमाणे खरे उत्तर देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. पण केवळ तेवढ्यासाठी नव्हे. गेली जवळजवळ सत्तर वर्षे आमचे म्हणणे हेच आहे की, माणसाची भाषा कोणती हे सरकारने ठरवू नये, बहुसंख्येने ठरवू नये, नकाशाने ठरवू नये. ज्याची भाषा त्याने सांगावी. मग घरातल्या कर्त्या पुरुषाने ती सुनेच्या आणि नातीच्या वतीने का ठरवावी? जे तत्त्व बाहेर सरकारला ऐकवायचे, ते आपल्या माजघरात लागू होत नसेल, तर ते तत्त्व नसून निव्वळ सोय आहे. शिवाय त्याच अर्जात येत असलेल्या इतर भाषांसाठीही जागा असते. तिथे सुनेची मराठी लिहिता येईल, आणि नात बोलू लागली आहे ती पाहता तिचीही.

"आणि नातवाची?" हा प्रश्न त्याच्या आईनेच, कोल्हापूरच्या सुनेनेच विचारला. तिचा आवाज बारीक झाला होता. ती मराठी, तिचा नवरा मराठी, घर मराठी, आणि व्याख्या म्हणते आई बोलते ती भाषा. या प्रश्नावर आम्ही उत्तर दिले नाही. ते देणारे आम्ही कोण? तिने थोडा वेळ ताटात बोट फिरवले आणि म्हणाली, "त्याचं बालपण अजून चाललंय ना, काका?"

आमच्या तीस वर्षांच्या वकिलीत इतका अचूक युक्तिवाद आम्ही क्वचितच ऐकला असेल.

येथे कन्नडविषयी दोन शब्द. आमचा दावा शासनाशी आहे, शेजारणीच्या भाषेशी नाही, हे आम्ही भाषणात नेहमी सांगतो. स्वयंपाकघरात ते सिद्ध करावे लागत नाही. आमच्या घरची भरली वांगी सुनेच्या माहेरी एण्णगाई होतात, अंबाडी पुंडी होते, कारळे गुरेळ्ळू होतात. मराठीतले तूप आणि कन्नडमधले तुप्प एकमेकांना भेटताच ओळखतात. घरात थोरल्याला अण्णा आणि थोरलीला अक्का म्हणताना आम्हाला आपण कोणाची भाषा बोलतो असा प्रश्न कधी पडला नाही. भेटल्यावर ते "ऊटा आयता?" विचारतात, आम्ही "जेवलात का?" विचारतो. बेळगावचा कुंदा आणि मांडे दोन्ही भाषांच्या पंगतीत वाढले जातात. सक्तीने एक भाषा दुसरीच्या डोक्यावर बसवली जाते तेव्हा विष कालवले जाते; शेजारी बसून निवडताना, सोलताना मात्र दोन्ही वाढतात. 'वैरणे' जगले ते सक्तीने नव्हे. सासूच्या सासूजवळ उभी राहून कोणी काम शिकले, म्हणून ते जगले.

आणि हे लिहीत असताना आम्हाला इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, गोवे येथील वाचक डोळ्यांसमोर दिसतात. त्यांतील कित्येक घरांत चार-पाच पिढ्या मराठी शाळेशिवाय गेल्या आहेत. बाहेर हिंदी, गुजराती, तेलुगू, कागदोपत्री इंग्रजी. तरीही आमटीला आमटी आणि फोडणीला फोडणी म्हणणारे घर तिथे भेटते. आम्ही अशा घरी जेवलो आहोत. यजमानांची मराठी अडखळत होती, मध्येच हिंदीवर जात होती. यजमानीणबाई मात्र "भाताची मूद पाडते, थांबा" असे सहज म्हणून गेल्या. राजाश्रय गेला, शाळा बंद पडल्या, तरी मूद टिकली. म्हणून शाळा नकोत असे कोणी समजू नये. शाळेवाचून केवळ चुलीवर भाषा किती पिढ्या निभावेल, याचा अंत पाहणे हा अन्यायच आहे. पण शाळा मिळेपर्यंत चूल विझू देणे, हा दुसरा अन्याय, आणि तो आपल्या हातचा.

हिंदू एकत्र कुटुंबाच्या वाटणीच्या दाव्यांत आम्ही उभे राहतो तेव्हा उलटतपासणीत हटकून एक प्रश्न येतो: "स्वयंपाक एकत्र होता की वेगळा?" ज्या 'मिताक्षरा'वर हा कायदा उभा आहे, तिचा कर्ता विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणीचा, ते कल्याण आज बिदर जिल्ह्यात, म्हणजे आपल्याच सीमेवर आहे. न्यायालयांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. चूल वेगळी मांडली एवढ्याने कुटुंब विभक्त झाले असे सिद्ध होत नाही. सोयीसाठी, नोकरीसाठी, भांडणाने, कशानेही चूल वेगळी झालेली असू शकते. विभक्त होण्याचा निश्चित इरादा दाखवावा लागतो. १९५६ साली आपली चूल वेगळी झाली. इंदूर-बडोद्याच्या मंडळींची त्याआधीच झाली होती. विभक्त होण्याचा इरादा आपण कधी दाखवला नाही. तो आता, नकळत, आपल्या मुलांशी बोलताना दाखवला जाऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.

विनंती कृतीत कशी आणावी? आमच्या घरी जे ठरले ते सांगतो. शाळेच्या पालकसभेला सुनेबरोबर आता घरातला एक पुरुष जातो. मागच्या सभेला आम्ही गेलो आणि घरची भाषा मुलाला मागे खेचते हे कशाच्या आधारे सांगता, असे नम्रपणे विचारले. उत्तर मिळाले नाही, पण तो उपदेशही पुन्हा झाला नाही. जनगणनेच्या वेळी दारात कर्ता पुरुष एकटा उभा राहणार नाही. ज्याची भाषा तो सांगेल आणि लहान मुलांची त्यांच्या आया सांगतील. जेवताना ताटातल्या पदार्थाला आणि कृतीला घरचाच शब्द वापरायचा, आणि कोणाला तो आठवला नाही तर हसायचे नाही, सांगायचा. आणि वही आता एकट्या आमची राहिलेली नाही. ती स्वयंपाकघरातल्या फडताळावर असते. आत्या सांगते, कन्या लिहिते. आत्याने एकट्या भांड्यांचीच दोन पाने भरवली. त्यात शिंके आहे, काथवट आहे, ओगराळे आहे, आणि चुलीला जोडून असलेला वैलही आहे. तो काय ते आम्हाला तिने विटेने जमिनीवर काढून दाखवावे लागले.

रविवारचा भात पुरुषांनी करायचा, हेही ठरले. पहिल्या रविवारी पाळी आमची होती. आधण आले, आम्ही वैरले, आणि पुढे एका पक्षकाराच्या फोनवर बोलत राहिलो. भात खाली लागला. आईचे प्लास्टर तोवर निघाले होते, पण ती खुर्चीतून उठली नाही. तिने तिथूनच सांगितले, "वरचा वरचा काढून घे. खरपुडी मला ठेव."

'खरपुडी' आमच्या वहीत नव्हती. जेवण झाल्यावर ती लिहून घेतली.